आईसोबत गावठी कुत्रं इमानानं (विमानानं) बंगलोरले न्यायचं हाय, कोणाले अनुभव?

दारव्हेकर:
राम राम मंडळी. बाबा गेल्यापासून आई गावात एकटीच हाय, दिवाळीनंतर तिले माह्याकडे बंगलोरले आणून राहिलो पण ती म्हणते मोत्या येत असन तरच येतो. मोत्या म्हणजे आपलं साधं गावठी कुत्रं, आठ वर्साचं, 18 किलो, बाबा वावरात जायचे त हा बंडीखाली चाकाच्या मधातून चालत जायचा, आता आईच्या खाटेखाली झोपते. नागपूरवरून इमानानं नेता येते काय? एकजण सांगे का सर्व्हिस डॉगचं सर्टिफिकेट ऑनलाईन भेटते, ते काढलं की सीटपाशी बसू देतेत, खरं हाय काय?

आर्वीवाला:
भाऊ, इंडिगो सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंग माणसाच्या मदतीले शिकवलेलं कुत्रं, सोडून जनावर नेतच नाई. एअर इंडिया नेते पण एवढं मोठं कुत्रं खाली सामानाच्या भागात जाते, तिथं हवेचा दाब वर माणसाले असते तसाच ठेवतेत, तेवढं आईले समजावून सांगा. आधी फोन करून कुत्र्याची जागा पक्की करा मंग तिकीट काढा, आम्ही उलटं केलं आन् काउंटरवरून शेरूले घेऊन परत आलो, लय वाईट वाटलं होतं. पिंजरा महिनाभर आधीच आणा, त्यात उभं राहता, फिरता, झोपता आलं पाहिजे. दार काढून अंगणात ठेवा आन् भाकर त्यातच द्या. शेरू चार दिवस नुसतं तोंड घालून भाकर बाहेर ओढे, आठव्या दिवशी दुपारी पाहतो त आत पाय ताणून झोपलेला. खाली आईचं न धुतलेलं लुगडं टाका.

गुरांचा दवाखाना:
रेबीजची लस प्रवासाच्या निदान 30 दिवस आधी घ्या, तारीख कार्डावर लिहून घ्या. फिट टू फ्लाय सर्टिफिकेट, म्हणजे कुत्रं विमानप्रवासाला तंदुरुस्त असल्याचा डॉक्टरचा दाखला, मात्र शेवटच्या दोन-तीन दिवसातलंच लागते. आणि झोपेचं औषध अजिबात देऊ नका, लोक येऊन तेच मागतात, त्यानं रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो आणि तिथं बघायला कोणी नसतं. दिवाळीनंतर नेताय ते बरं, आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्रीत पिंजरा विमानाबाहेर थांबला तर जिवावर बेतते.

वर्धेची ताई:
दादा, ते सर्टिफिकेट नका काढू, हात जोडून सांगते. माझ्या भावाले दिसत नाई. अंध माणसाचं कुत्रं महिनोन्‌महिने शिकवलेलं असते, ते मालकाच्या पायाशी चूप बसते. खोटं कुत्रं एकदा कोणाले चावलं की खऱ्यावरही कोणी भरोसा ठेवत नाई. अमेरिकेत मनाच्या आधाराचं जनावर म्हणून लोकं काहीही न्याले लागले, मग डिसेंबर 2020 मधे तिथं नियम बदलला, आता काम शिकवलेलं कुत्रंच सर्व्हिस ॲनिमल धरतेत. नाईच जमलं त रेल्वेत फर्स्ट एसीचा अख्खा कूपे (दोन बर्थची बंद खोली) घ्या, कुत्रं पार्सल ऑफिसात बुक करून सोबत नेता येते.

दारव्हेकर:
ताई, माफ करा, मले हे माहीतच नव्हतं. सर्टिफिकेट डोक्यातून काढलं. उद्या यवतमाळले पिंजरा पाहाले जातो, मोत्याचं माप आईनंच सुतळीनं घेऊन देल्लं, नाकापासून शेपटीपर्यंत, आन् लुगडंही आत्ताच बाजूले काढून ठेवलं.