जुन्या पवनचक्कीची शेपटी नव्याने बनवायची आहे: पत्रा किती जाडीचा घ्यावा?

माळरान_औसा:
विहिरीवर पाणी उपसायची जुनी पवनचक्की आहे. एअरमोटर या अमेरिकी कंपनीच्या धर्तीची, 18 पात्यांची, चाक 8 फुटांचं. गिअर आणि पंपाचा दांडा ठीक आहे. शेपटीचा पत्रा मात्र बोल्टांच्या भोकांपाशी फाटलाय आणि खालची कड गंजून गळून गेली. माप असं: लांबी 1200 मिमी, चाकाकडची उंची 450, मागची 900. मधून आडवा दांडा जातो. गावातला वेल्डर म्हणतो, 2 मिमीचा काळा (जस्त न चढवलेला) पत्रा दांड्याला वेल्ड करून टाकू, कायमची कटकट मिटेल. करावं का? आणि जुन्या पत्र्यावरच्या उभ्या पन्हळ्या शोभेच्या होत्या की कामाच्या?

डक्टवाला_वाळूज:
2 मिमी अजिबात नको दादा. तुमच्या मापाचं क्षेत्रफळ 0.81 चौ. मीटर. 2 मिमीत त्याचं वजन पावणेतेरा किलोच्या आसपास जातं, 22 गेजच्या (0.71 मिमी) जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्यात साडेचार किलो. म्हणजे आठ किलो जादा, आणि तेही मनोऱ्याच्या मध्यापासून लांब टांगलेलं. डोकं (मनोऱ्यावर फिरणारा, चाक-शेपटी धरणारा भाग) मागे कलतं, मग ते ज्यावर फिरतं ते बेअरिंग एका बाजूने झिजतं.

पन्हळ्या कामाच्याच. दांडा मधून आडवा जातो, म्हणजे त्याच्या वरचा नि खालचा पत्रा अधांतरी. मागच्या टोकाला दोन्हीकडे 450 मिमी. चाकातून निघालेला वारा घुसळलेला असतो, सपाट पत्रा त्यात फडफडतो आणि प्रत्येक फडफडीचा ताण भोकांवर येतो. तुमचा पत्रा तिथेच फाटला, त्याचं कारण हेच. पन्हळ्या उभ्याच हव्यात. दांड्याला समांतर मारल्या तर दिसायला छान, उपयोग शून्य.

एसीचे हवेचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपात पत्र्यावर पन्हळी मारायचं बीडिंग मशीन असतं, त्यावर 150 मिमी अंतराने, 6-7 मिमी खोल मारून घ्या. कडेपासून 30 मिमी आधी थांबा, नाहीतर कड वळताना तिथे चुणी पडते.

कडेत तार घाला, म्हणजे कड तारेभोवती वळवून मिटवा: तार 10 गेजची (3.25 मिमी), तारेच्या व्यासाच्या अडीचपट, म्हणजे 8 मिमी पत्रा जादा सोडायचा. 8×4 च्या पत्र्यात 1200 ची बाजू 4 फुटांत बसवायला जाऊ नका. दोन्ही कडांचे 8-8 धरून 1216 कापल्यावर हाती फक्त 4 मिमी उरतात, आणि पन्हळ मारताना पत्रा आत ओढला जातो. लांबी 8 फुटांच्या बाजूने आखा. आधी पन्हळ, मग अंतिम माप कापणं, मग कड. हा क्रम उलटला की चौकोन वाकडा झालाच समजा.

बालाघाट_पवन:
तारेचं बरोबर, पण खालच्या कडेला सरसकट नको. पाणी आत धरतं, धूळ बसते आणि गंज आतून सुरू होतो. यांची खालची कड गेली ती बहुधा अशीच. खाली तार घालायचीच तर कड घट्ट न मिटवता बारीक फट ठेवा, किंवा तारेऐवजी 12 मिमीची साधी काटकोनी घडी द्या.

वेल्डिंगला माझाही विरोध. जस्त 907 अंशांना उकळतं. सांध्याभोवतीचा थर जळतो, पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडीताप. पत्रा बोल्टनेच धरा, पण नुसत्या वॉशरवर नाही. दांड्याच्या आणि उभ्या अँगलच्या (25×25×3, दोन पुरेत) समोरच्या बाजूने 25×3 ची पट्टी लावून पत्रा मध्ये दाबा. एम6 चे (6 मिमी) जस्त चढवलेले बोल्ट, 80-100 मिमी अंतरावर, आणि हादऱ्याने न सुटणारे नायलॉक नट. भोक कडेपासून किमान 15 मिमी आत. पॉप रिव्हेट फडफडीत ढिले होतात, आणि तांब्याचे कुणी दिले तर परत करा, भोवतीचं जस्त खाऊन टाकतात.

माळरान_औसा:
वळवाच्या वादळाची भीती म्हणून शेपटी थोडी लहान केली तर?

बालाघाट_पवन:
नको. वादळात चक्की वाचवायचं काम आकाराचं नाही, स्प्रिंगचं आहे. चाक मनोऱ्याच्या मध्यापासून थोडं बाजूला असतं, वारा वाढला की स्प्रिंग ताणून ते शेपटीकडे मिटतं. शेपटी लहान केली तर साध्या वाऱ्यातही चाक समोर टिकत नाही आणि पाणी कमी येतं. 108 किमी वेगाच्या वाऱ्यात तुमच्या पूर्ण पत्र्यावर 45 किलोच्या आसपास किंवा थोडा जास्तच दाब येईल, मी वर सांगितलेल्या पट्ट्या तो सहज पेलतात. त्यापेक्षा शेपटीच्या बिजागरीची पिन आणि बुश बघा. हलते असतील तर नवा पत्राही फाटेल.

डक्टवाला_वाळूज:
रंग: नव्या जीआयवर थेट ऑइलपेंट मारला की जस्ताशी त्याचा साबण होतो आणि पापुद्रे सुटतात. आधी थिनरने तेल पुसा, मग इच प्राइमर (जस्ताला घट्ट धरणारा पहिला हात), मग रंग. पन्हळ आणि कडेवर जस्ताला चिरा गेल्या असतील, तिथे झिंक पेंटचा हात द्या.

बालाघाट_पवन:
चढवताना दांडा आधी, पत्रा नंतर. जोडलेली शेपटी दोराने वर ओढू नका, जराशा झुळकीने ती माणसाला ढकलते. दिवाळीनंतरची शांत सकाळ बघा, चाक मिटवून ब्रेक लावा आणि डोकं मनोऱ्याला बांधा, तरच वर माणूस पाठवा.