ज्युरी ड्यूटीचं समन्स आलंय, कोणी जाऊन आलंय का? मदत हवी आहे

कढीपत्ता: नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, नागरिकत्वाची शपथ घेतली आणि परवा न्यू जर्सीच्या सुपिरिअर कोर्टाचं ज्युरी समन्स, म्हणजे खटल्यात निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांत बसायचं बोलावणं, पोस्टानं आलं. सांगलीहून आलेल्या सासूबाईंनी लिफाफ्यावर 'कोर्ट' वाचलं आणि पोळी ताटात तशीच राहिली. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, काय करून बसलीस?"

त्यांना समजावलं, पण मलाच नीट कळलेलं नाही. समन्सवर 'पेटिट ज्युरी' आहे. म्हणजे 'ग्रँड ज्युरी'पेक्षा हलकी का? मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी चालतं? आणि खरी शंका वेगळीच. बाबा नानावटी खटला रंगवून सांगायचे. बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटींना १९५९ साली मुंबईत ज्युरीनं ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं आणि तिथे जन्मठेप झाली. इथेही तसंच असेल तर आम्हाला बोलवायचंच कशाला?

निवांत_वकील: ग्रँड म्हणजे संख्येनं मोठी, एवढंच. ती दोषी-निर्दोष ठरवत नाही, खटला भरण्याइतपत पुरावा आहे का ते बंद दाराआड बघते. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात १६ ते २३ जण असतात, १२ जण हो म्हणाले की आरोप निश्चित. तुमची ज्युरी प्रत्यक्ष खटला ऐकते. कायदा येत नाही हे उत्तमच. कायदा जज सांगतात, घडलं काय ते तुम्ही ठरवायचं. फक्त घरी येऊन खटल्याबद्दल गूगल करू नका, त्यापायी अख्खा खटला रद्द होऊ शकतो.

आता नानावटी. इथे फौजदारी खटल्यात ज्युरी 'नॉट गिल्टी' म्हणाली की विषय संपला. पाचव्या घटनादुरुस्तीमुळे एकाच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला नाही आणि सरकारला त्या निकालावर अपीलही नाही. भारतात सुटकेविरुद्ध सरकार अपिलात जाऊ शकतं, म्हणून आपल्याला हे पचत नाही. उलट 'गिल्टी' म्हटलंत तर जज पुराव्याअभावी तो निकाल बाजूला ठेवू शकतात, आरोपीही अपील करू शकतो.

हडसनकाठ: मग तो फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन? माजी बायकोच्या खुनाच्या खटल्यातून १९९५ ला सुटला, १९९७ ला त्याच प्रकरणात ३ कोटी ३५ लाख डॉलर भरायला सांगितले!

निवांत_वकील: तो दिवाणी दावा होता. तिथे शिक्षा नाही, भरपाई. 'वाजवी शंकेपलीकडे' सिद्ध करावं लागत नाही, पारडं किंचित झुकलं तरी पुरे. पळवाट शोधायचीच तर रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी मारहाण केल्याचं प्रकरण बघा. १९९२ मध्ये राज्याच्या खटल्यात पोलिसांना शिक्षा झाली नाही, १९९३ मध्ये फेडरल खटल्यात त्यांतले दोघे दोषी ठरले. राज्य आणि केंद्र या दोन वेगळ्या सत्ता धरतात. मला स्वतःला हे कधीच पटलेलं नाही, पण सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्येही तेच कायम ठेवलं.

कढीपत्ता: आणि आमचं एकमत झालंच नाही तर?

निवांत_वकील: गंभीर फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवायला सगळ्यांचं एकमत लागतं. अडून बसलात तर 'हंग ज्युरी', आणि सरकार नव्यानं खटला चालवू शकतं. ती सुटका धरत नाहीत.

कढीपत्ता: खूप आभार! सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या विचारतायत, डबा नेऊ देतात का?

हडसनकाठ: मी नेला होता. स्टीलचा डबा स्कॅनरमधून जातो. सुरी तेवढी घरी ठेवा.