मदत हवी आहे: क्रिकेट बघताना नक्की बघायचं काय?

नेरुळला राहते. इथं राहून क्रिकेट डोक्यावरून जातं म्हणणं म्हणजे पंढरपुरात राहून विठोबा माहीत नाही म्हणण्यासारखं, पण खरंच कळत नाही आणि कंटाळाही मनापासून येतो. २ नोव्हेंबर २०२५ ला इथल्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. अख्खी सोसायटी जागी होती, मी सोफ्यावर गाढ झोपले होते. फटाक्यांनी जाग आली.

अडचण त्यानंतरची. दीप्ती शर्माने त्या फायनलमध्ये पाच विकेट काढल्या, तेव्हापासून आमच्या सहावीतल्या कन्येला ऑफस्पिनर व्हायचंय. कोचिंग लावलंय. रविवारी मॅच असली की मैदानाच्या कडेला मी. ना कॉमेंट्री, ना रिप्ले, ना धड स्कोअरबोर्ड. ती बॉल टाकते, समोरची मुलगी तो पायाशी थोपवते, आणि बाकीचे आईबाबा "शाब्बास! मस्त बॉल!" म्हणून ओरडतात. अहो, झालं काय त्यात? घरी जाताना ती विचारते, "आई, तो बॉल बघितलास?" काय सांगू?

कृपया नियम समजावू नका. ते काम नवऱ्याने केलंय. लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडला तर एलबीडब्ल्यू नाही, हे मला पाठ आहे. पण टप्पा कुठं पडला तेच दिसत नाही! नजर कुठं ठेवायची ते सांगा.

प्रतिसाद: ताई, आधी जागा बदला. बाजूला बसून लाइन, म्हणजे बॉल स्टंपच्या सरळ आहे की बाहेर, हे कुणालाच कळत नाही. बोलरच्या सरळ मागे, बाउंड्रीबाहेर बसा. आणि बॉल पडायच्या आधी फिल्डिंग बघा. उजव्या हाताच्या बॅटरला ऑफस्पिन आत वळतो, म्हणून लेगला, म्हणजे बॅटरच्या पायांच्या बाजूला, जवळ कुणी आणून उभं केलं की समजा, तिथं कॅच उडवायचा बेत आहे. मग थोपवलेल्या बॉललाही अर्थ येतो. बॅटर फसली की नुसती वाचली, एवढंच बघा.

धागाकर्ती: हे जमेल असं वाटतंय. बोलरच्या मागे टेम्पो उभा असतो, त्याच्या शेजारी खुर्ची टाकते. पण कुणाला हलवलं हे कळायला आधी कोण कुठं होतं ते लक्षात ठेवायचं का? सगळ्या पोरी एकसारख्या कपड्यांत, टोप्या डोळ्यांपर्यंत ओढलेल्या. मला माझीच ओळखू येत नाही.