एक्सचेंजमध्ये (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) ईमेल अॅड्रेस पॉलिसी (लोकांचे पत्ते कसे बनवायचे तो नियम) बदलली, पण निम्म्या लोकांचे पत्ते जुनेच?

भोसरीच्या कंपनीत एकटाच आयटी बघतो. नवीन डोमेन घेतलं, अॅक्सेप्टेड डोमेनमध्ये (सर्व्हर ज्या डोमेनचे मेल घेतो ती यादी) टाकलं, पॉलिसीत नाव-डॉट-आडनाव असा %g.%s फॉरमॅट सेट करून अप्लाय पण केलं, तरी अकाउंट्सवाल्यांचे पत्ते ढिम्म हलले नाहीत, साहेब सकाळपासून दोनदा डोक्यावर येऊन उभे राहिले.

कोथरूडकर:
अकाउंट्ससाठी वेगळी पॉलिसी आहे का आधीची? एका माणसाला एकच पॉलिसी लागते, जिची प्रायॉरिटी वर ती. डिफॉल्टवाली कायम सगळ्यात खाली.

भोसरी:
नाही रे, एकच आहे.

हडपसरवाला:
मग त्यांच्या मेलबॉक्सला ‘पॉलिसीनुसार पत्ते आपोआप अपडेट करा’ ची टिक काढलेली असणार. आधीच्या कुणीतरी हाताने पत्ते टाकले की हेच होतं. टिक लाव, पण आधी सध्याचे पत्ते एक्सपोर्ट करून ठेव हां. जुना प्रायमरी (मुख्य) पत्ता जात नाही, दुय्यम म्हणून राहतो, म्हणजे कस्टमरचे मेल येत राहतील. आणि एकाच नावा-आडनावाचे दोघं असतील तर दुसऱ्याच्या नावापुढे आकडा चिकटतो, आमच्याकडे त्यावरून रुसवेफुगवे झालेत 😄

भोसरी:
टिकच काढलेली होती!! चहा माझ्याकडून.