१३ डिसेंबरला गच्चीवर कोणता सिनेमा लावायचा?

सेक्रेटरी दादा (ए-४०२): मंडळी, भरीत पार्टी १३ डिसेंबरला पक्की. वांगी बामणोदहून येतील, कळण्याच्या भाकरी सी विंगच्या वहिनी बघणार आहेत. प्रोजेक्टरही मिळालाय. जेवणाआधी गच्चीवर एक सिनेमा लावू. नावं सुचवा.

ए-१०३ चा दादा: अमिताभ! कुठलाही चालेल.

शिरपूरच्या काकू (बी-३०१): दादा, तारीख बघा ना. १३ डिसेंबर म्हणजे स्मिता पाटीलचा स्मृतिदिन. १९८६ ला याच दिवशी गेली. ३१ वर्षांची होती हो फक्त. त्या दिवशी दुसरं कोणाचं काही लावू नका, ही माझी विनंती समजा.

नाना (ए-१०१): आपली शिरपूरनी पोर ती. लावा तिनाच पिच्चर. मी बी येस.

ए-१०३ चा दादा: नाना, ती तर पुण्याची ना?

शिरपूरच्या काकू: जन्म आणि शाळा पुण्याची, बरोबर. पण वडील शिवाजीराव पाटील आपल्या शिरपूरचे. स्वातंत्र्यसैनिक, पुढे राज्यात मंत्रीही झाले. आमच्या गल्लीत तिला कधी कोणी 'स्मिता पाटील' म्हटलं नाही. 'शिवाजीरावांची स्मिता' म्हणायचे.

बी-२०४ ची पिंकी: काकू, मी तिचा एकही पाहिलेला नाही. आर्ट फिल्म संथ असतात असं ऐकलंय. कुठून सुरू करू?

शिरपूरच्या काकू: पिंकी, लांब लिहिते आहे, चहा घेऊन वाच.

'जैत रे जैत'पासून सुरुवात कर. १९७७ चा, जब्बार पटेलांचा. ठाकर वस्ती, मोहन आगाशे नाग्या आणि स्मिता चिंधी. गाणी ना. धों. महानोरांची, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराखालच्या पळसखेड्याच्या माणसाची, आपल्या शेजारचीच माती. 'मी रात टाकली, मी कात टाकली' तुला पाठ असेल, पण ते गाणं घेऊन ती चालते कशी, ते बघ. तिथे तुला संथ काही सापडणार नाही.

मग 'भूमिका'. तोही १९७७ चाच, श्याम बेनेगलांचा, हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर आधारलेला. तेव्हा स्मिता बावीसच्या आतबाहेर होती आणि पडद्यावर ती अल्लड पोरीपासून थकलेल्या बाईपर्यंत पोचते. मेकअप थोडासाच आहे. वय तिच्या खांद्यांत उतरतं, बसण्यात उतरतं. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो याच कामाला. दुसरा 'चक्र'साठी मिळाला, झोपडपट्टीतल्या अम्माच्या भूमिकेला. तो मात्र मोठी झाल्यावर बघ.

माझं म्हणणं एकच. तिच्या डोळ्यांबद्दल सगळे बोलतात. तू तिचे हात बघ. पाणी भरताना, धुणं धुताना, पोर कडेवर घेताना ती हात कुठे 'दाखवत' नाही, हात काम करतात. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायची तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची म्हणे. अशा शहरी मुलीने खेड्यातल्या बाईचे हात कुठून आणले, हा प्रश्न मला चाळीस वर्षं पडलेला आहे.

ए-१०३ चा दादा: आणि आमचा अमिताभ?

शिरपूरच्या काकू: आहे की. 'नमक हलाल', 'शक्ती'. 'शक्ती'त तर समोर दिलीपकुमारही. दोन्ही १९८२ चे. त्याच वर्षी 'अर्थ', 'बाजार' आणि मराठीत 'उंबरठा'. एका वर्षात इतकं! पावसातलं नाचगाणं करणारी हीच आणि महिलाश्रमाची अधीक्षक होणारी सुलभा महाजनही हीच. तिला 'आर्टवाली' म्हणून वेगळ्या कप्प्यात टाकतात तेव्हा मला राग येतो.

सी-१०२ च्या ताई: मग 'उंबरठा'च लावा. मी कॉलेजात असताना पाहिला. सुलभा नोकरीसाठी घर सोडते, परत येते तर घर तिचं राहिलेलं नसतं. आमच्या घरी त्यावर आठवडाभर वाद चालला होता. वडील सासरच्यांच्या बाजूने, आई काहीच बोलली नाही. दुसऱ्या महिन्यात आईनेच माझा बी.एड.चा फॉर्म आणला.

शिरपूरच्या काकू: ताई, हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतं.

सेक्रेटरी दादा: 'उंबरठा' चांगलाच, पण पोरंसोरं बसणार आहेत. मधेच उठून पळतील.

नंदुरबारच्या वहिनी (सी-३०३): 'मिर्च मसाला' चालेल का? गावात सुभेदार येतो, नदीवरच्या बाकीच्या बायका पळतात, सोनबाई, म्हणजे स्मिता, उभी राहते. पुढे तो अंगाला हात लावतो, ती थोबाडीत देते आणि मिरचीच्या कारखान्यात शिरते. तिथला राखणदार ओम पुरी दार लावून घेतो. बाहेर सगळा गाव म्हणतो, तिला देऊन टाका.

माझी आई नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या माळावर, कामाला जायची. हिवाळा लागला की सगळं माळरान लाल. दिवसभर देठ खुडायचे. संध्याकाळी घरी आली की आम्हाला जवळ घ्यायची नाही, हात डोळ्यांना लागेल म्हणून. तेल लावायची, तरी रात्री बोटं पेटायची. भाकरी थापायची मी, आठ वर्षांची. हा सिनेमा मी लग्नानंतर टीव्हीवर पाहिला. शेवटी बायका मिरचीची पूड सुभेदारावर फेकतात ना, तेव्हा मला आधी आईची बोटं आठवली. तो प्रसंग गुजरातेतला, जुन्या काळातला, पण मिरची तीच.

काकू, तुम्ही हात म्हणालात म्हणून लिहिलं.

बी-२०४ ची पिंकी: वहिनी 🙏

शिरपूरच्या काकू: वहिनी, माझं मत 'मिर्च मसाला'ला. तो प्रदर्शित झाला १९८७ ला. तिला तो लोकांबरोबर बसून बघता आला नाही.

सी-१०२ च्या ताई: माझंही. 'उंबरठा' आपण बायका जानेवारीत वेगळा लावू.

ए-१०३ चा दादा: चालेल. स्पीकर मी आणतो.

नाना: वहिनी, माय आते कोठे से?

नंदुरबारच्या वहिनी: नंदुरबारलाच, नाना, भावाकडे. आत्ताच फोन केला. म्हणाली, मिरचीचा सिनेमा असेल तर येते, पण जमिनीवर बसता येणार नाही, गुडघे धरलेत.

सेक्रेटरी दादा: ऑफिसमधली हातांची खुर्ची वर नेऊन ठेवतो. सिनेमा बरोबर साडेसहाला सुरू. स्वेटर आणा, गच्चीवर वारा फार आहे.