व्हीलचेअरसाठी दाब कमी करणारी उशी : हवेची घ्यावी की जेल-फोमची? (इंदूर)

नमस्कार. माझे थोरले बंधू व्हीलचेअर वापरतात आणि त्यांच्यासाठी नवी उशी निवडायची आहे. इंदूरमध्ये प्रत्यक्ष बसून पाहता येतील असे पर्याय मला फार थोडे मिळाले, म्हणून ज्यांनी अशा उश्या स्वतः वापरल्या आहेत किंवा रुग्णांसाठी निवडल्या आहेत, त्यांचे मत हवे आहे. प्रश्न लांबला आहे, पण तपशील गाळले तर सल्ला देणाऱ्याचीच पंचाईत होईल.

दादाचे वय ४६ वर्षे, वजन ६८ किलो. रस्त्यावरील अपघातात पाठीच्या कण्याला दहाव्या वक्षमणक्याजवळ इजा झाली, तेव्हापासून कमरेखाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. हात मात्र भक्कम आहेत. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर तो ट्रान्सफर बोर्डच्या आधाराने स्वतः जातो. घरूनच हिशेबाची कामे करत असल्यामुळे दुपारची विश्रांती सोडली तर दिवसभर तो खुर्चीतच असतो, आणि जुलैमध्ये आयकर विवरणपत्रांची घाई सुरू झाली की ती विश्रांतीही टळते.

अलीकडे त्याच्या डाव्या बैठकीच्या हाडावर, म्हणजे बसल्यावर धडाचा भार जिथे येतो त्या टोकावर, संध्याकाळी काळपट लाल डाग दिसू लागला आहे. आडवे झाल्यावर तो अर्ध्याएक तासात फिका पडतो, बोटाने दाबल्यास रंग क्षणभर जातो, कातडी फुटलेली नाही. डॉक्टरांनी तपासून बसण्याचे तास कमी करायला आणि उशी बदलायला सांगितले आहे. दाबूनही रंग जाईनासा झाला, तर तो शय्याव्रणाचा पहिला टप्पा समजायचा, हेही त्यांनी बजावले आहे. सावळ्या कातडीवर लाली नीट कळत नाही, म्हणून वहिनी रोज रात्री तिथली त्वचा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिळपिळीत लागते का, हे हाताने पाहतात.

सध्याची खुर्ची घडीची, कापडी बैठकीची आणि १६ इंच रुंद आहे. उशी साध्या फोमची, दोन इंच जाडीची, रेक्झीनचे कव्हर असलेली. ती मध्यभागी दबून गेली आहे. त्यावर आई प्रेमाने गोधडीची घडी घालते, आणि ती काढायला सांगणे हे आमच्या घरातले सर्वांत नाजूक काम आहे. दवाबाजारात विचारणा केली तेव्हा मधे भोक असलेले हवेचे कडे पुढे करण्यात आले, वर ‘सबको यही देते हैं’ हे आश्वासन. ते आम्ही घेतले नाही, कारण अशा कड्याच्या काठावर दाब एकवटतो आणि मधल्या भागातला रक्तप्रवाह उलट अडतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते.

आता दोन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. एक, एकमेकांना जोडलेल्या रबरी हवेच्या कप्प्यांची उशी, जिला बहुतेक लोक कंपनी कोणतीही असली तरी ‘रोहो’च म्हणतात. दोन, आकार दिलेला घट्ट फोम आणि बैठकीच्या हाडांखाली जेलची पिशवी, अशी मिश्र उशी. पहिलीत हाडे खोल बुडतात आणि दाब चांगला वाटला जातो, पण ती डळमळते, पंक्चर होऊ शकते आणि हवेवर लक्ष ठेवावे लागते. दुसरी स्थिर असते, परंतु जड असते. माझे प्रश्न असे : स्वतः ट्रान्सफर करणाऱ्या माणसाला हवेच्या उशीवरून सरकणे कितपत अवघड जाते? मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा जेल कसे वागते? आणि डाग एकाच बाजूला आहे, याचा उशीच्या निवडीशी संबंध आहे का?

प्रतिसाद १ (वडोदरा, ऑक्युपेशनल थेरपिस्ट)

आपण शेवटी विचारलेला प्रश्न मी आधी घेते, कारण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. डाग एकाच बाजूला असेल तर कंबर एका बाजूला कललेली असण्याची शक्यता मोठी. घडीच्या खुर्चीची कापडी बैठक काही काळाने झोळीसारखी खचते; मग मांड्या आत वळतात, कमरेचे हाड तिरके होते आणि एका बाजूच्या हाडावर जास्त भार येतो. अशा बैठकीवर कितीही महाग उशी ठेवली तरी ती त्याच खोलगटपणात वाकते. त्यामुळे आधी उशीखाली सपाट, टणक पाटी बसवा, ती सरकणार नाही अशी पक्की करा आणि दादांना सरळ बसवून कमरेचे दोन्ही उंचवटे एका पातळीत येतात का, ते समोरून पाहा. पाटीनंतरही कल राहिला तर तो कण्यातला किंवा खुब्यातला असू शकतो. मग तपासणीशिवाय उशी घेऊ नये.

पुढची तपासणी पायांच्या पाट्यांची. त्या प्रमाणाबाहेर वर असतील तर गुडघे उचलले जातात, मांड्या उशीवर टेकत नाहीत आणि मांड्यांनी उचलायचा भारही बैठकीच्या हाडांवर जातो. मांडीखाली पुढच्या बाजूने तळवा सहज मोकळा फिरत असेल, तर पाट्या खाली घ्याव्यात. गुडघ्यामागे आणि बैठकीच्या काठात दोन-तीन बोटांचे अंतर मात्र राहू द्यावे.

खुर्ची आधी, उशी नंतर, हा माझा आग्रह केवळ सवयीचा नाही. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वृद्धाश्रमांतील २३२ जणांना प्रथम त्यांच्या मापाच्या खुर्च्या दिल्या गेल्या आणि नंतर त्यांचे दोन गट केले गेले. साध्या तुकड्यांच्या फोमवर बसणाऱ्यांपैकी ६.७ टक्के लोकांना बैठकीच्या हाडांवर व्रण झाले, तर हवा, जेल किंवा तत्सम त्वचारक्षक उशीवर बसणाऱ्यांत हे प्रमाण ०.९ टक्के होते. ते सगळे वृद्ध होते, कण्याची इजा झालेले तरुण नव्हते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे दादांना लागू होत नाहीत. पण साधा फोम बदलायला हवा, इतके त्यावरून नक्की म्हणता येते. हवा की जेल, हे मात्र ती चाचणी सांगत नाही. ते माणूस बघूनच ठरवावे लागते.

दादांसाठी माझा कल मिश्र उशीकडे आहे, कारण त्यांना दिवसभर टेबलाशी हात मोकळे ठेवून स्थिर बसायचे आहे आणि ट्रान्सफरही स्वतः करायचे आहे. कव्हर ताणले जाणारे आणि हवा खेळती ठेवणारे असावे. रेक्झीन ताणले जात नाही, त्यामुळे हाडे उशीत बुडायची थांबतात आणि घाम तिथेच राहतो. गोधडीही त्याच कारणासाठी काढायची आहे, हे आईंना सांगून पाहा.

प्रतिसाद २ (ग्वाल्हेर, वीस वर्षांपासून व्हीलचेअर वापरणारा)

वरील प्रतिसादातील मोजमापांविषयी दुमत नाही, निष्कर्षाविषयी आहे. माझी इजा आपल्या बंधूंच्या इजेच्या जवळपासच्याच पातळीची असून मी अनेक वर्षे हवेच्या कप्प्यांची उशी वापरतो. सुरुवातीचे काही आठवडे डळमळल्यासारखे वाटते, हे खरे. नंतर शरीर तोल शिकते. कप्प्यांची उंची दोन, तीन आणि चार इंच अशी मिळते. सरसकट चार इंची घेण्याऐवजी कमी उंचीची घेतली तर सरकणे बरेच सोपे जाते, अर्थात हाडे तळाला टेकत नाहीत ना, हे पाहून. कंबर कलत असेल तर एकाच झडपेची उशी घेऊ नका, कारण हवा जड बाजूकडून हलक्या बाजूला पळते आणि कल वाढतो. स्वतंत्र भाग बंद करता येणारी घ्या.

अडचण पंक्चरपेक्षा हवेच्या प्रमाणाची जास्त असते. ‘जास्त हवा म्हणजे जास्त मऊ’ असे समजून लोक उशी फुगवून ठेवतात आणि तिच्या टणक पृष्ठावर बसतात. योग्य रीत अशी की माणूस उशीवर बसल्यावर दुसऱ्याने हात सपाट करून बैठकीच्या सर्वांत खालच्या हाडाखाली सरकवायचा आणि हाड व तळ यांत दीड ते अडीच सेंटीमीटर अंतर उरेपर्यंत हवा सोडायची. हे नियमित करावे, आणि ऋतू पालटताना न चुकता. आमच्या ग्वाल्हेरला मे आणि जानेवारी यांच्यातला फरक इतका असतो की उन्हाळ्यात नीट जुळवलेली उशी थंडीत हवा आकसून ढिली पडते. दुरुस्तीचा संच आणि एक साधी फोमची उशी घरात असू द्यावी.

जेलविषयी आपण विचारले आहे. ते प्रथम गार लागते, कारण शरीराची उष्णता शोषून घेते. पण दोन-तीन तासांनी स्वतः तापते आणि मग लवकर निवत नाही. उन्हात उभ्या गाडीत राहिलेल्या जेलवर संवेदना नसलेल्या माणसाने हाताने पाहिल्याशिवाय कधीही बसू नये. जेल हाडांखालून बाजूला सरकते, म्हणून ते रोज हाताने जागेवर आणावे लागते.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. पाटी बसवून पाहिली. कंबर बरीच सरळ आली, आणि पायांच्या पाट्याही एक खाच खाली घेतल्या. आता दोन्ही प्रकारच्या उश्या काही दिवस वापरून पाहायला देणारा विक्रेता शोधत आहे. नवी उशी आल्यावर पहिल्याच दिवशी दिवसभर बसायचे का? आणि उशी चांगली असेल तर अधूनमधून भार हलवण्याचे अंतर वाढवता येईल का?

प्रतिसाद १ (वडोदरा)

दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. पहिल्या दिवशी अर्धा तास बसवा, मग आडवे करून त्वचा पाहा; डाग नसेल किंवा लवकर गेला तर वेळ हळूहळू वाढवा. भार दर पंधरा ते तीस मिनिटांनी हलवायचाच आहे. हातांवर जोर देऊन क्षणभर अंग उचलणे पुरत नाही : २००३ मधील एका ब्रिटिश अभ्यासात, दबलेल्या पेशींतला प्राणवायू पूर्ववत व्हायला सरासरी १ मिनिट ५१ सेकंद लागले होते, आणि इतका वेळ हातांवर तोलून राहिल्यास खांदे झिजतात. त्यापेक्षा टेबलावर कोपरे टेकून छाती मांड्यांकडे न्यावी आणि दोन मिनिटे तसेच वाकून राहावे. हिशेब वाचता वाचताही हे जमते. एक गोष्ट मात्र खरेदीपूर्वी पाहा. पाटी आणि नवी उशी मिळून बैठक दीड-दोन इंच वर जाईल, तेव्हा गुडघे त्याच टेबलाखाली जातात का आणि पलंगाची उंची ट्रान्सफरला जुळते का, हे मोजूनच जाडी ठरवा.