मदत हवी आहे : स्पॅनिश, पोर्तुगीज आणि गॅलिशियनमधील फलवाचक रचना

स्पॅनिशमध्ये ‘तेंगो एस्क्रितास लास कार्तास’ म्हणजे ‘माझी पत्रे लिहून झाली आहेत’; ही फलवाचक, म्हणजे पूर्ण झालेल्या कृतीचे फल दाखवणारी रचना. येथे धातुसाधित (‘एस्क्रितास’, म्हणजे ‘लिहिलेली’) कर्माच्या लिंगवचनानुसार बदलते, तर ‘ए एस्क्रितो लास कार्तास’ या पूर्ण वर्तमानकाळात ते अविकारी राहते. पोर्तुगीजमध्ये मात्र ‘तेन्यु श्क्रितु’ याचा अर्थ ‘अलीकडे वारंवार लिहीत आलो आहे’ असा होतो आणि फलाचा अर्थ हवा असल्यास ‘तेन्यु अश कार्तश श्क्रितश’ असे म्हणावे लागते. (आपल्या ‘लिहून झाली’मुळे स्पॅनिश रचना मला सोपी गेली, पोर्तुगीजने गोंधळ घातला.)

माझी अडचण गॅलिशियनची (वायव्य स्पेनमधील, पोर्तुगीजला जवळची भाषा) आहे. तेथे ‘तेर’ (‘जवळ असणे’) या क्रियापदासह येणारे धातुसाधित पुनरावृत्ती दाखवते की पूर्ण झालेले फल, हे कर्माशी असलेल्या सुसंगतीवरून ठरवता येते, की केवळ संदर्भावरून? जाणकारांनी दोन्ही अर्थांची उदाहरणे दिल्यास आभारी राहीन.